साहेब गेला, भाषा राहिली : लागोस ते नरखेड

१/
१९६० हे वर्ष दोन दूरच्या भूभागांत दोन वेगळ्या कारणांसाठी स्मरणात राहिले आहे. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १ ऑक्टोबर रोजी पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया ब्रिटिश अमलातून मुक्त झाला. त्या एकाच वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले, म्हणून त्याला 'आफ्रिकेचे वर्ष' असेही म्हणतात. नव्याने उभ्या राहिलेल्या या साऱ्या राज्यांपुढे एक प्रश्न सारखाच होता : आता कारभार कोणत्या भाषेत चालवायचा?

२/
नायजेरियाने इंग्रजी कायम ठेवली. महाराष्ट्राने मराठी स्वीकारली. साठ वर्षे उलटल्यावर पाहिले, तर इंग्रजी दोन्हीकडे आहे. पण तिचे बसण्याचे ठिकाण निराळे आहे. लागोसच्या रस्त्यावर ती तिथलीच होऊन वावरते. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या नरखेड तालुक्यात ती अर्धी मराठीच्या पोटात शिरली, आणि उरलेली अर्धी परीक्षेच्या कागदावर जाऊन बसली. हा फरक का पडला आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हा इतिहास.

३/
प्रथम नायजेरिया. तेथे बोलली जाणारी इंग्रजी ही लंडनच्या इंग्रजीची बिघडलेली प्रत आहे, असे पूर्वी मानले जाई. आज भाषावैज्ञानिक तिला 'नायजेरियन इंग्रजी' असे स्वतंत्र नाव देतात. वाहतूक खोळंबली की तेथे 'गो-स्लो' लागतो. समोरचा माणूस ठेचकाळला, तर पाहणारा 'सॉरी' म्हणतो. त्यात अपराधाची कबुली नसते; 'अरेरे, लागलं का?' हा भाव असतो. योरुबा भाषेत अशा वेळी सहानुभूतीचा एक शब्द उच्चारतात. त्याचे काम 'सॉरी'ने पत्करले.

४/
'परवा' या अर्थी नायजेरियात 'नेक्स्ट टुमॉरो' म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी चार शब्द खर्ची घालावे लागतात. मराठीप्रमाणेच तेथील भाषांना ही गोष्ट आटोपशीर सांगायची सवय होती. २०२० च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाने नायजेरियन इंग्रजीतील २९ शब्द व अर्थ दाखल करून घेतले. त्यांत 'नेक्स्ट टुमॉरो' होता. 'ओकाडा' म्हणजे भाड्याने प्रवासी नेणारी मोटरसायकल होती. 'सप्टेंबर'पासून 'डिसेंबर'पर्यंतच्या महिन्यांना त्यांच्या शेपटावरून दिलेले 'एम्बर मंथ्स' हे नावही होते. जिला चूक म्हणत होते, तिची नोंद झाली.

५/
हे घडले कसे? पहिले कारण भाषांची संख्या. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. हौसा, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या भाषांपैकी एकीला राजभाषा केले असते, तर उरलेल्या दोन्ही भाषकांना ते मानवले नसते. इंग्रजी कोणाचीच नव्हती, हाच तिचा गुण ठरला. परकी म्हणून तिला ठेवले गेले, आणि ठेवल्यामुळे ती हळूहळू घरची झाली.

६/
दुसरे कारण राज्यस्थापनेच्याही आधीचे आहे. गिनीच्या आखातात युरोपीय जहाजे व्यापाराला येऊ लागली, तेव्हा किनाऱ्यावर मोडक्या इंग्रजीची एक बाजारी बोली तयार झाली. तिला पिजिन म्हणतात. इंग्रजांच्या आधी तेथे पोर्तुगीज होते. त्यामुळे पिजिनमध्ये 'जाणणे' या अर्थी 'साबी' आणि 'मूल' या अर्थी 'पिकिन' हे पोर्तुगीज मुळाचे शब्द आजही आहेत. त्याच दर्यावर्दींनी मराठीला चावी, पगार आणि बटाटा दिला. समुद्र एक होता. किनारे वेगळे होते.

७/
असा नायजेरियात इंग्रजीचा एक जिनाच तयार झाला. तळाच्या पायरीवर बाजारातली पिजिन, वर शाळा-कचेरीतली नायजेरियन इंग्रजी, आणि त्याही वर लंडनकडे डोळे लावलेली इंग्रजी. एकच माणूस दिवसभरात दोन-तीन पायऱ्या चढतो-उतरतो. मासळीवालीशी एका इंग्रजीत घासाघीस करतो आणि साहेबाला दुसऱ्या इंग्रजीत अर्ज देतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही या जिन्यावर पाय ठेवायला एक पायरी असते. पुढची सारी चर्चा या एका पायरीभोवती फिरते.

८/
ही पायरी मानाची ठरायला मात्र वेळ लागला. १९५२ मध्ये अमोस टुटुओला यांची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' ही कादंबरी लंडनला प्रसिद्ध झाली. कवी डिलन टॉमस यांनी तिचे कौतुक केले. खुद्द नायजेरियातील अनेक सुशिक्षितांना मात्र संकोच वाटला. असली 'अशुद्ध' इंग्रजी वाचून जग आपल्याला अडाणी समजेल, अशी त्यांना धास्ती होती. १९८५ पर्यंत चित्र इतके पालटले, की केन सारो-विवा यांनी 'सोझाबॉय' या कादंबरीच्या मुखपृष्ठावरच तिची इंग्रजी 'सडकी' असल्याचे अभिमानाने छापले. पुढच्याच वर्षी वोले शोयिंका यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

९/
आफ्रिकेत या प्रश्नावर एकमत मात्र कधीच नव्हते. चिनुआ अचेबे यांचे म्हणणे असे, की इंग्रजी पदरात पडलीच आहे, तर तिला आफ्रिकेच्या अनुभवाचे ओझे वाहायला लावावे. त्यासाठी ती थोडी वाकली तरी चालेल. केनियाचे न्गुगी वा थ्योंगो यांनी उलट वाट धरली. १९७७ मध्ये गिकुयू भाषेत गावकऱ्यांसह नाटक उभे केल्यावर त्यांना विनाचौकशी तुरुंगात डांबण्यात आले. तेथे त्यांनी शौचालयातील कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. इंग्रजीत कादंबऱ्या लिहीत असताना त्यांना कोणी असे डांबले नव्हते. लोकांच्या भाषेत लोकांशी बोलल्यावर ते घडले.

१०/
आता नागपूरकडे. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये औरस वारसाविना निधन पावले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याआधीच, १८४० च्या दशकात, नागपुरात येऊन शाळेच्या कामाला लागले होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले, मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पदवीसाठी प्रांताबाहेरच्या विद्यापीठांचा आधार घ्यावा लागे. इंग्रजी येथे बंदरातून आली नाही. ती आली वर्गातून आणि कचेरीतून.

११/
हाच मुद्दा निर्णायक ठरला. नागपूरच्या बाजारात व्यवहाराची भाषा आधीपासूनच होती. मराठी आणि हिंदी यांच्या आधारावर विणकर, सावकार, गाडीवान आणि शिपाई एकमेकांशी बोलत होते. गोऱ्या साहेबालाच येथील भाषेची परीक्षा द्यावी लागे. मद्रासकडे साहेबांच्या घरच्या नोकरांची 'बटलर इंग्रजी' निर्माण झाली. पण नागपूर-काटोल-नरखेडच्या पट्ट्यात इंग्रजीची बाजारी बोली जन्मालाच आली नाही. तिची गरज नव्हती. जिन्याची तळाची पायरी येथे कधी बसवलीच गेली नाही.

१२/
मग सामान्य माणसाने इंग्रजीचे काय केले? त्याने तिचे शब्द उचलले आणि मराठीच्या घाण्यात घातले. 'मास्टर'चा मास्तर झाला. मग मास्तरीण आली, मास्तरकी आली. 'डॉक्टर'वरून डॉक्टरीण आणि डॉक्टरकी. 'बॉटल'ची बाटली झाली आणि तिचे अनेकवचन मराठीच्या नियमाने 'बाटल्या' झाले. 'रिक्रूट'चा रंगरूट, 'लॉर्ड'चा लाटसाहेब. 'बोट' परकी, 'आग' आपली. दोघी मिळून आगबोट झाली. बस स्त्रीलिंगी, ट्रक पुल्लिंगी, टेबल नपुंसकलिंगी. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असे लिंग नाही. मराठीने ते बहाल केले.

१३/
नरखेडच्या संत्राबागांत हा व्यवहार आजही चालू आहे. बहराची नावे जुनी आहेत : आंबिया आणि मृग. रोगांची नावे शेतकऱ्याने डोळ्यांना दिसले तशी ठेवली. झाडातून डिंक ओघळतो तो डिंक्या, पाने काळी पडतात ती कोळशी, शेंडे वाळत जातात ती शेंडेमर. पण ठिबकला 'ड्रिप' म्हणतात, फवारणीला 'स्प्रे मारणे', प्रतवारीला 'ग्रेडिंग', आणि माल 'क्रेट'मध्ये भरून ट्रकवर चढतो. एका वाक्यात तीन शतकांचे शब्द नांदतात आणि बोलणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ही मराठीच आहे.

१४/
म्हणून दोन गोष्टींत गल्लत होऊ नये. इंग्रजी शब्द मिसळलेली मराठी ही एक गोष्ट. मराठी माणूस बोलतो ती इंग्रजी ही दुसरी. पहिली लोकांची आहे; तिच्यासाठी शाळेत जावे लागत नाही. दुसरी शिकलेल्यांची आहे. आफ्रिकेतील नव्या इंग्रजींशी तुलना करायची, तर ती या दुसरीशी करावी लागते. आणि या दुसरीला नाव मिळाले, ते एका मराठी भाषावैज्ञानिकाकडून.

१५/
१९५७ च्या मार्च महिन्यात घाना स्वतंत्र झाला. त्याच वर्षी अमेरिकेतून निघणाऱ्या 'वर्ड' या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात अशोक रा. केळकर यांचा निबंध आला. विषय होता 'मराठी इंग्रजी'. मराठीभाषक माणसाच्या इंग्रजीची ढब कशी असते, याचा तो शास्त्रीय अभ्यास होता. आफ्रिकी आणि भारतीय इंग्रजींना विद्यापीठांत स्थान मिळण्याच्या कितीतरी आधी एका तरुण मराठी अभ्यासकाने आपल्या लोकांच्या उच्चारांकडे चेष्टेचा विषय म्हणून न पाहता अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले.

१६/
या इंग्रजीची चिन्हे मराठी कानाला लगेच ओळखू येतात. 'व्हॅन' आणि 'व्होट' यांत मराठी माणूस 'व्ह' असा महाप्राण उच्चार करतो. हिंदीभाषक तेथे साधा 'व' वापरतो. 'झू' आणि 'झोन' यांसाठी मराठीला 'झ' हाताशी होता, त्यामुळे हिंदीसारखी नुक्त्याची गरज पडली नाही. 'थ्री'तील थ दंत्य आणि महाप्राण असतो. पश्चिम आफ्रिकेत बहुधा तोच शब्द 'ट्री' होतो. 'टेबल'चा ट मूर्धन्य होतो. 'कार'मधला र गिळला जात नाही. आणि ज्या स्वरांना मराठीत चिन्ह नव्हते, त्यांच्यासाठी ॲ आणि ऑ ही अक्षरे मराठीने लिपीत सामावून घेतली.

१७/
उच्चारांच्या मागोमाग वाक्यरचना येते. 'तो आजच येतोय' यातील 'च' मराठी माणसाला इंग्रजीतही सोडवत नाही; म्हणून 'ही इज कमिंग टुडे ओन्ली'. चुलतभावाला आणि चुलतबहिणीला एका शब्दात बसवणे त्याला पटत नाही. म्हणून 'कझिन ब्रदर'. वाक्याच्या शेवटी 'ना?' हवा, म्हणून कर्ता कोणीही असो, 'इजंट इट?' घाना आणि नायजेरियातही असेच एकच प्रश्नार्थक शेपूट सर्व वाक्यांना चालते. दोन खंडांतील माणसांनी एकमेकांना न विचारता सारखीच दुरुस्ती केली.

१८/
काही शब्दप्रयोगांत तर साहेबाचा जमाना जसाच्या तसा गोठून राहिला आहे. गावाला गेलेला कर्मचारी आजही 'आउट ऑफ स्टेशन' असतो. हे स्टेशन रेल्वेचे नव्हे. ब्रिटिश अधिकाऱ्याची नेमणूक जेथे असे, ते ठाणे. साहेब गेला, ठाणे गेले, इंग्लंडमधून हा अर्थही विरला. पण नागपूरच्या कचेरीतील रजेच्या अर्जात तो टिकून आहे. याउलट 'प्रीपोन' हा शब्द भारतीयांनी 'पोस्टपोन'च्या वजनावर प्रचारात आणला. एका शब्दात जुने जपणे आहे, दुसऱ्यात नवे घडवणे आहे. जिवंत भाषा या दोन्ही गोष्टी करते.

१९/
स्वातंत्र्यानंतर इंग्रजीला हटवण्याचा मोठा प्रयोगही नागपुरातच झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडने १९५० मध्ये कायदा करून हिंदी व मराठी या दोन राजभाषा ठरवल्या. लाहोरहून नागपुरात आलेले संस्कृत पंडित डॉ. रघुवीर यांनी प्रशासन, कायदा आणि विज्ञान यांतील इंग्रजी संज्ञांसाठी संस्कृत धातूंवरून हजारोंच्या संख्येने नवे शब्द घडवले. त्यांची पद्धत शिस्तबद्ध होती आणि संपूर्ण भारताला एकच परिभाषा मिळावी, ही दृष्टी त्यामागे होती.

२०/
प्रयोगाचे पुढे काय झाले? काही शब्द रुजले, बरेच कोशात राहिले आणि कित्येक विनोद फुकटच त्यांच्या नावावर खपवले गेले. सावरकरांचे महापौर, दिनांक आणि दिग्दर्शक हे शब्द मराठीने सहज उचलले. ते लहान होते आणि लोकांच्या तोंडी बसले. पण रंगरूट आणि मास्तर घडवणाऱ्या माणसाला कोशाने बनवलेला लांब शब्द देणे म्हणजे एका परक्या भाषेच्या जागी दुसरी अवघड भाषा देणेच होते. इंग्रजीचा दरवाजा काढला, पण तेथे आणखी एक उंबरठा बांधला गेला.

२१/
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. तोवर एकाच प्रांतात असलेल्या नरखेड आणि पांढुर्णा यांच्या मधून राज्याची सीमा गेली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर दोन महिन्यांतच, ६ जुलैला, भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. सातबारा, ग्रामसभेचे ठराव, तहसीलदाराची नोटीस सारे मराठीत आले. नायजेरियातील खेडुताला ही सोय मिळाली नाही. तेथे सरकारी कागद इंग्रजीतच राहिला. महाराष्ट्राचे हे यश लहान नाही.

२२/
पण मराठी एका पायरीवर येऊन थांबली. तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी. उच्च न्यायालयाची मात्र संविधानाच्या कलम ३४८ नुसार इंग्रजी. नरखेडमधला बांधाचा तंटा नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला, की ज्याची जमीन आहे त्यालाच निकालाचा अर्थ वकिलाकडून ऐकावा लागतो. वैद्यक आणि अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीत. आफ्रिकेत टांझानियाची स्थिती याच्या जवळ जाते : न्येरेरे यांनी स्वाहिलीला राज्यकारभाराची आणि प्राथमिक शिक्षणाची भाषा केले, स्वतः शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' स्वाहिलीत आणले, तरी माध्यमिक शाळेच्या दारात इंग्रजी उभीच राहिली.

२३/
म्हणून इंग्रजीकडे पाहण्याची दृष्टी, माणूस कोठे उभा आहे त्यावर ठरत आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी 'वाघिणीचे दूध' ही उपमा जोडली जाते. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजीला 'माऊली' म्हणणारी कविता आहे. शूद्रातिशूद्रांना ज्ञानाची दारे बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर नेणारी वाट त्यांना त्या भाषेत दिसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत लिहिले. पण आपल्या लोकांशी बोलण्यासाठी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले. अचेबे आणि न्गुगी यांचा वाद आंबेडकरांनी एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंनी जगून दाखवला.

२४/
आता नरखेडच्या शाळेतील मूल डोळ्यांपुढे आणावे. घरी ते 'मले' आणि 'तुले' म्हणते. 'पाणी'चे 'पानी' होते, 'शाळा'ची 'शाया' होते, कारण वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठी खंडात या बोलींची रीतसर नोंद आहे. तरीही वर्गात त्या मुलाला पहिला धडा मिळतो, तो आपली मराठी 'अशुद्ध' असल्याचा. दुसरा धडा इंग्रजीच्या तासाला : तीही 'गावठी' आहे. एका मुलावर दोन भाषांत एकच ठपका बसतो.

२५/
ज्या प्रमाण मराठीच्या आधाराने हा ठपका ठेवला जातो, तिचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांत मेजर टॉमस कँडी हे इंग्रज गृहस्थ प्रमुख होते. १८३१ च्या मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशातही त्यांचा हात होता. मराठी गद्यातील पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांची घडी बसवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. शुद्धतेची पट्टी ठरवणाऱ्यांत साहेबही होता. तेव्हा 'शुद्ध मराठी' आणि 'अशुद्ध बोली' ही विभागणी वाटते तितकी सनातन नाही.

२६/
२००० च्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवणे सुरू झाले. पाठोपाठ मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे 'सेमी-इंग्रजी' वर्ग वाढले. पालकांची ओढ समजण्यासारखी आहे. उच्च न्यायालय आणि वैद्यकीय महाविद्यालय ज्या भाषेत चालते, ती भाषा मुलाला यावी असे कोणाला वाटणार नाही? अडचण निराळी आहे. लागोसच्या मुलाला इंग्रजी शाळेत जाण्याआधीच रस्त्यावर भेटलेली असते. नरखेडच्या मुलाला ती पहिल्यांदा भेटते, ती पुस्तकात आणि गुणपत्रिकेत. ज्या भाषेत कधी भांडण केले नाही, भाव पाडला नाही, थट्टा केली नाही, तिच्यात फक्त चुका करता येतात.

२७/
यावर जगात मोठा वाद झाला. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. भारत, नायजेरिया, केनिया हे दुसऱ्या वर्तुळातील देश आपली प्रमाणे आपण ठरवू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी हरकत घेतली : गरीब विद्यार्थ्याला प्रमाण इंग्रजी शिकवली नाही, तर नोकरीच्या दारात नुकसान त्याचेच होईल. ही हरकत उडवून लावण्याजोगी नाही. लेखी प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे. पण ती शिकवण्यासाठी मुलाच्या उच्चाराची लाज वाटायला लावणे आवश्यक आहे, असे मात्र त्या हरकतीतून निघत नाही.

२८/
मराठी लेखकांनीही आपापली उत्तरे दिली. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता लिहीत राहिले. त्यांच्या 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि खंडोबाचा डोंगर इंग्रजी कवितेच्या नकाशावर आला. भालचंद्र नेमाडे यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवली, मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावावर ग्रंथ लिहिला आणि कादंबऱ्या मात्र मराठीतच लिहिल्या. एकाने परकी भाषा आपल्या अंगणात आणली, दुसऱ्याने ती ओळखून तिच्यापासून अंतर राखले. दोघांनाही ती उत्तम येत होती. निवड करण्याचे स्वातंत्र्य, भाषा आल्यानंतरच मिळते.

२९/
२०१७ मधील एक घटना हा सारा इतिहास दोन ओळींत सांगते. त्या वर्षी बीबीसीने आपल्या भाषासेवांचा विस्तार केला. पश्चिम आफ्रिकेसाठी ऑगस्टमध्ये पिजिनची सेवा सुरू झाली, आणि ऑक्टोबरमध्ये मराठीची. एकाच ब्रिटिश संस्थेने सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यासाठी तेथे लोकांनी घडवलेली इंग्रजी निवडली, येथे लोकांची मराठी. दोन्ही अंदाज बरोबर होते. लागोसमध्ये लोकांनी इंग्रजीतून आपली भाषा काढली. विदर्भात लोकांनी आपल्या भाषेत इंग्रजी जिरवली.

३०/
साम्राज्यांचे हिशेब संपतात, भाषांचे संपत नाहीत. 'मास्तरकी' घडवणारा माणूस इंग्रजीला कधी भ्यायला नव्हता. त्याने तिला विभक्ती लावली, लिंग दिले आणि कामाला जुंपले. त्याच्या पणतवंडाला मात्र तीच भाषा परीक्षेच्या दालनात भीती घालते. 'टुडे ओन्ली' म्हणणाऱ्या मुलाला प्रमाण इंग्रजी काय आहे ते जरूर सांगावे. त्याबरोबरच हेही सांगावे, की त्याच्या वाक्यातला तो 'ओन्ली' म्हणजे त्याच्या आजीच्या बोलण्यातला 'च' आहे. केळकरांनी १९५७ मध्ये ज्याचा शास्त्रीय अभ्यास केला, त्याची नरखेडच्या वर्गात २०० शब्दांच्या निबंधामागे लपून लाज बाळगण्याचे कारण नाही.